सिझरनंतर नॉर्मल करायचंय? आधी जुने कागद काढ

अगं, एकदा सिझर म्हणजे कायम सिझरच, हे डोक्यातून काढ. पण काहीही झालं तरी नॉर्मलच, हा हट्टही नको.

आधी जुन्या ऑपरेशनची नोंद मिळव, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. पोटावरचा व्रण आडवा दिसतो म्हणून गर्भाशयावरचा छेदही आडवाच असेल असं नसतं. तो खालच्या भागात आडवा असेल तर प्रयत्न करता येतो. उभा, वरपर्यंत गेलेला असेल तर विषयच संपला.

पहिलं सिझर का झालं तेही बघ. बाळ पायाळू होतं म्हणून झालं असेल तर यावेळी शक्यता चांगली. एकूण प्रयत्न करणाऱ्या १०० जणींपैकी साधारण ६० ते ८० जणींना जमतं. आधी एखादी नॉर्मल झालेली असेल तर अजूनच सोपं.

खरी भीती कळांच्या जोराने जुनी शिवण उसवण्याची. एकच सिझर झालेल्या २०० जणींत साधारण एखादीला होतं, पण झालं की मिनिटांचा प्रश्न असतो. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचार: रात्री दोनला तातडीचं सिझर लागलं तर भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळेल का? उत्तर गुळमुळीत आलं तर हॉस्पिटल बदल. कळा आणायला औषध लागलं तर कोणतं देणार, हेही विचार. मिसोप्रोस्टॉल अशा वेळी टाळतात.

एपिड्युरल, म्हणजे कळांच्या वेदना कमी करायला पाठीत देतात ते इंजेक्शन, मात्र चालतं, लोक उगाच घाबरवतात. आणि कळा सुरू झाल्या की 'बघू थोडा वेळ' करत घरी बसू नकोस.