रात्री दहानंतरचा एक तास: २०२५ मधले कुठले गेम त्यात बसतात

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा, की नोकरी आहे, दोन लहान पोरं आहेत, रात्री दहानंतर जेमतेम तासभर मिळतो, तोही रोज नाही. नवा पीएस ५ (सोनीचा गेम कन्सोल) घेतलाय, तर २०२५ मधलं काय खेळावं आणि वर काय काय सामान घ्यावं? माझी गत वेगळी नाही. शिरोली एमआयडीसीतून घरी यायचं, जेवण, पोरांचा अभ्यास, आणि सगळे आडवे झाले की मग टीव्ही आपल्या ताब्यात.

'शंभर तास पुरेल' हे गेमचं कौतुक म्हणून सांगतात. आपल्याला ती धमकी आहे. मी दोनच गोष्टी बघतो. मधेच उठावं लागलं तर काय बुडतं? आणि आठ दिवसांनी परत बसलो तर आपण कुठं होतो आणि कुठलं बटण कशाला, हे लगेच ध्यानात येतं का?

या दोन्हीत २०२५ चा पहिला नंबर 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३'चा. फ्रान्समधल्या सँडफॉल नावाच्या नव्या स्टुडिओचा हा पहिलाच गेम. एप्रिलमध्ये आला आणि डिसेंबरात 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षाचा सर्वोत्तम ठरला. गोष्ट अशी, की एक 'पेंट्रेस' दरवर्षी एका प्रचंड खांबावर आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं धूळ होऊन उडून जातात. आकडा दरवर्षी एकानं कमी होतो, आता तेहतीसवर आलाय. म्हणजे तुझ्या-माझ्या वयाचं त्या शहरात कुणी शिल्लकच नाही! लढाई पाळीपाळीची आहे. आपली पाळी आली की गेम निवांत थांबतो, पोराला पाणी देऊन ये, कुणी हात लावत नाही. शत्रूची पाळी आली की मात्र त्याचा वार नेमक्या क्षणी चुकवायचा किंवा परतवायचा, त्यामुळं झोपही लागत नाही. मुख्य कथा तीसेक तासांत होते. 'स्टोरी' ही सोपी पातळी निवडायला लाजू नकोस, त्यात वार परतवायला जास्त सवड मिळते आणि कथा तसूभरही कमी होत नाही.

आता इथंच सामानातली पहिली गोष्ट सांगतो, आणि ती फुकट आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू कर. साधा टीव्ही चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात प्रत्येक फ्रेमवर काहीतरी प्रक्रिया करत बसतो आणि तेवढा उशीर बटण आणि पडदा यांच्यात शिरतो. सिनेमा बघताना तो कळत नाही, पण वार परतवायच्या गेममध्ये सगळा खेळच तिथं बिघडतो. हे न करता हजारो रुपयांचा नवा कंट्रोलर घेणारे मी पाहिलेत.

'स्प्लिट फिक्शन' बायकोबरोबर. हा एकट्यानं खेळताच येत नाही, दोघं लागतातच. पडदा दोन भागांत, नायिका दोन, एकीचं जग विज्ञानकथेचं, दुसरीचं परीकथेचं, आणि दर थोड्या वेळानं काहीतरी नवीनच करायला लावतात. बायकोनं आधी कधी कंट्रोलर धरला नसेल तर पहिली एक-दोन रात्री कॅमेरा फिरवण्यातच जातील, दम धर. दुसरा कंट्रोलर मात्र हवाच. पैसे खर्चच करायचे तर इथं कर. दोस्त पुण्यात असेल तर एकानं विकत घ्यायचा आणि दुसऱ्यानं फ्रेंड्स पासवर फुकटात ऑनलाइन खेळायचा, अशीही सोय आहे.

'ब्लू प्रिन्स'साठी वही-पेन. ४५ खोल्यांच्या वाड्यात ४६वी खोली शोधायची. प्रत्येक दारामागं तीनपैकी कुठली खोली उघडायची ते तूच ठरवतोस, आणि दिवस संपला की वाडा पुन्हा कोरा. एक दिवस साधारण एका बैठकीत संपतो. पण खुणा, चिठ्ठ्या, चित्रं लिहून ठेवली नाहीत तर आठवड्यानं काहीएक आठवणार नाही. इंग्रजी वाचन रग्गड आहे, डोकं शिणलेल्या रात्री काढू नको.

'सिल्कसाँग' साडेसहा वर्षं वाट बघून सप्टेंबरात आला, देखणा आहे, स्वस्तही आहे. तरी आत्ता थांब. सुरुवातीचे दोन बॉस (म्हणजे मोठे दांडगे शत्रू) लोकांच्या बोंबेनंतर थोडे सोपे केले, पण एका बॉसवर तास घालवायचा आणि हरून झोपायचं, हे सकाळी सातची शिफ्ट असलेल्यानं करू नये. 'हेडीस २' भारी, पण २०२५ मध्ये पूर्ण आवृत्ती आली ती फक्त पीसी आणि निन्टेंडोच्या स्विचवर. पीएस ५ वर आलाय का ते बघ, नाहीतर पहिला 'हेडीस' घे. मधेच सोडलास तर त्याच खोलीच्या दारातून परत सुरू होतो.

आता फुटबॉल. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार सामने बघत वाढलेल्या माणसाला एफसी (ईएचा फुटबॉल गेम) घेऊ नको म्हणून सांगण्यात अर्थ नाही. घे, पण एकट्यानं खेळायचा करिअर मोड खेळ, हाफ चार मिनिटांचा ठेव. ऑनलाइन मॅच आपल्या सोयीनं थांबवता येत नाही, आणि अल्टिमेट टीममध्ये पैसे देऊन खेळाडूंची पाकिटं फोडायचा नाद वाईट, पैसा जातो आणि पुढच्या वर्षी नवा गेम आला की संघ पुन्हा शून्यातून. मागच्या वर्षीची डिस्क स्वस्तात मिळाली तर तीच बरी. आमच्या ग्रुपात डिस्क भिशीसारख्या फिरतात. तुझा कन्सोल डिस्कवाला असेल तर असे चार जण गाठ, वर्गणी भरून शेकडो गेम देणाऱ्या पीएस प्लस मेंबरशिपचा खर्च वाचेल. वर्षाला चार-पाच गेम संपवणाऱ्याला शेकडो गेमांचं कपाट काय कामाचं?

फोनवर 'बॅलाट्रो' टाक. २०२४ चा आहे, पण जेवणाच्या सुट्टीत त्याच्याइतका कामाचा दुसरा नाही. एकदा पैसे दिले की जाहिरात नाही, इंटरनेट नाही, कधीही बंद कर. पोकरचे हात आहेत म्हणून घरात भुवया उंचावतील, पण खऱ्या पैशाचा संबंध नाही. कुठला गेम कुठल्या वयाला चालेल ते ठरवणाऱ्या युरोपातल्या पेगी संस्थेनंही आधी १८ वर्षांची अट घातली होती, ती २०२५ च्या फेब्रुवारीत १२ वर आणली.

राहिलेलं सामान. वायरचा साधा हेडफोन थेट कंट्रोलरच्या खालच्या भोकात बसतो, महागडा वायरलेस नंतर बघ. गेम साठवायच्या जादा एसएसडीची घाई नको, संपलेला गेम काढून टाक. रेस्ट मोडमध्ये (कन्सोलच्या अर्धवट झोपेत) कन्सोल इंटरनेटला जोडलेला राहील आणि अपडेट आपोआप उतरतील असं सेटिंग ठेव, नाहीतर शनिवारचा तास डाउनलोडची पट्टी बघण्यात जाईल. पण पावसाळ्यात लाइट गेली की रेस्ट मोडमधला चालू गेम बंद होतो, म्हणून झोपायच्या आधी हातानं सेव्ह करायचं. कन्सोल इन्व्हर्टरवर लावणार असशील तर तो साइन वेव्हचा आहे का ते आधी बघ. आणि राउटरला छोटा यूपीएस लाव, तो घरच्यांच्याही उपयोगी पडतो, त्यामुळं मंजुरी लवकर मिळते.