दिराकडे परदेशात महिनाभर राहायला जातोय, आपण जड तर होणार नाही ना?

"तिकिटं काढून झाली, व्हिसा आला, आणि आता रात्री झोप येत नाही. चार आठवडे दुसऱ्याच्या घरात राहायचं, त्यांच्याच गाडीतून फिरायचं, त्यांचंच खायचं, आपण त्यांना जड होणार नाही ना?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे दरवर्षी येतो, दिवाळीच्या आसपास तर हमखास, कारण डिसेंबरच्या सुट्टीत जाणाऱ्यांची तयारी तेव्हा जोरात असते. स्वतःचा मुलगा किंवा मुलगी तिकडे असेल तर काळजी वेगळी असते, पण दीर, भाचा, मावसभाऊ, चुलत नणंद असं नातं असलं की हक्क किती दाखवायचा आणि संकोच किती करायचा हेच कळत नाही, आणि मग माणूस बॅगा भरता भरता आतून थकून जातो. यावर मी एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांची परवानगी घेऊनच, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई सोलापूरच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, बँकेत नोकरी. धाकटा दीर न्यूझीलंडला क्राइस्टचर्चमध्ये, वीस वर्षं होत आली. हे लोक कधीच तिकडे गेले नव्हते. आता ताई, मिस्टर, कॉलेजला जाणारी मुलगी आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई असे चौघं डिसेंबरमध्ये जाणार होते. पहिल्या सेशनला त्या फक्त अडचणी मोजत होत्या. बाथरूम एकच आहे म्हणे, आईंना पहाटे उठून अंघोळ लागते, जाऊ आणि दीर दोघंही नोकरीला, पुतण्यांना मराठी धड येत नाही, आम्ही चौघं ते चौघं मग एका गाडीत आठ माणसं बसणार कशी, खर्चाचं विचारावं तर परकेपणा वाटेल आणि नाही विचारावं तर फुकटे वाटू. सगळ्या खऱ्या अडचणी होत्या, त्यातली एकही किरकोळ नव्हती. पण एवढ्यासाठी महिनाभर झोप उडत नाही.

मी विचारलं, दीर शेवटचे घरी कधी आले होते? त्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. 2011 साली सासरे अंथरुणाला खिळले होते, सगळं ताईंनीच केलं, भरवणं, अंग पुसणं, रात्री उठून कूस बदलणं, वर नोकरी, वर लेक लहान. दिराचे फोन यायचे, पैसे यायचे. एप्रिलमध्ये सासरे गेले तेव्हाही दीर आले नाहीत, तेराव्याला नाहीत, आले ते थेट वर्षश्राद्धाला. "पैसे आले मॅडम, माणूस नाही आला," हे वाक्य ताईंनी माझ्यासमोर तीनदा तरी म्हटलं.

म्हणजे भीती दोन होत्या. आपण जड होऊ ही एक, ती चारचौघांत सांगता येते. दुसरी अशी की तिथे रोज समोरासमोर राहताना एखाद्या दिवशी हे तोंडातून निघून जाईल, आणि परतीचं तिकीट तर महिन्यानंतरचं आहे. नातेवाईकांकडे परदेशात जाणाऱ्या बऱ्याच लोकांच्या काळजीखाली असा जुना काहीतरी हिशेब असतो असं मला वारंवार दिसलंय. इकडे भांडण झालं तर माणूस रात्रीच्या एसटीने घरी येतो, तिकडे कुठे जाणार?

दोन्ही भीतींना एकच औषध देऊन चालत नाही. पहिली विचारण्याने कमी होते, म्हणून आधी तीच घेतली. मी ताईंना सांगितलं की फोन करायचा, स्पष्ट विचारायचं, पण तो फोन तुम्ही करायचा नाही, तुमच्या मिस्टरांनी करायचा. या बाबतीत मी फार आग्रही असते. आपल्याकडे भाऊ-भाऊ एकमेकांशी तब्येत, क्रिकेट आणि प्रॉपर्टी सोडून काही बोलत नाहीत आणि नात्यातलं सगळं नाजूक काम दोन जावांच्या माथी येतं, मग काही बिनसलं की "बायकांचं पटत नाही" म्हणून मोकळे. भाऊ त्यांचा आहे, राहायला घर भावाचं आहे, तर भावाशी भावानं बोलावं. मिस्टर पुढच्या सेशनला आले, थोडे नाराजच होते, पण आले, आणि काय काय विचारायचं ते आम्ही तिघांनी बसून कागदावर लिहिलं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आपल्या सकाळच्या अकराला फोन झाला. तिकडे उन्हाळी वेळ सुरू झालेली असते, ते आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे, म्हणजे त्यांची संध्याकाळची साडेसहा. पहिलाच प्रश्न होता, तुझी सुट्टी किती आहे आणि ती कधी आहे? हा प्रश्न आपण विचारतच नाही. आपल्याला वाटतं परदेशातला माणूस आपण आलो की मोकळाच असणार. न्यूझीलंडमध्ये कायद्याने वर्षाला किमान चार आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, बहुतेकांना तेवढीच असते, त्यातच मुलांची आजारपणं सोडून बाकी सगळं बसवायचं असतं, आणि भारतात एक चक्कर मारली की ती संपते. दिरांनी वर्षभर साठवून दहा दिवस ठेवले होते. आणि ते दहाच आहेत, बाकीचे दिवस मी ऑफिसला गेलो तर दादा-वहिनींना राग येईल, याचं टेन्शन त्यांना ऑगस्टपासून होतं! म्हणजे इकडे यांना झोप नाही आणि तिकडे त्यांना नाही. मिस्टर मला सांगत होते की त्यानं दहा दिवस म्हटल्यावर मी म्हटलं अरे खूप झाले, तर फोनवर तो एकदम मोकळा हसला, किती वर्षांनी तसा हसलेला ऐकला.

मग बाकीचं भराभर ठरलं. दहातले चार दिवस सगळ्यांनी मिळून डोंगराकडे जायचं, त्यासाठी आठ सीटची व्हॅन भाड्याने घ्यायची, व्हॅनचे आणि तिथल्या घराचे पैसे सोलापूरकर देणार, पेट्रोल आणि किराणा दिराचा. तिकडे डिसेंबर-जानेवारी म्हणजे भर उन्हाळा आणि शाळांची मोठी सुट्टी, त्यामुळे टेकापो तळ्यासारख्या ठिकाणी राहायची जागा महिने आधी घ्यावी लागते, फोन झाला म्हणून ती वेळेत मिळाली. सासूबाईंचा विमा आधी काढायचा. तिकडे अपघाताची इजा झाली तर पाहुण्यांनाही तिथल्या सरकारी अपघात योजनेचं संरक्षण असतं, पण आजारपण आलं तर बिल आपलं, आणि या वयात तेच येण्याची शक्यता जास्त. दीर ऑफिसला असतील त्या दिवसांत आपले आपण बसने फिरायचं, जावेच्या मागे मागे करायचं नाही. आणि खाऊ. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यायचीच होती, त्यावर दिरांनी बजावलं की जे न्याल ते सगळं फॉर्ममध्ये डिक्लेअर करा, लपवलेलं सापडलं तर जागेवर 400 डॉलर दंड, दुधाचे पदार्थ, मध वगैरे आणूच नका. पेढे राहिले म्हणून सासूबाई हळहळल्या, पण विमानतळावर बॅग उघडून अपमान झाल्यासारखं वाटण्यापेक्षा ते बरं.

दुसऱ्या भीतीसाठी मी ताईंना एवढंच सांगितलं की 2011 चा विषय कायमचा गिळून टाका असं मी म्हणणार नाही, तुमचं खरं आहे, पण तीन ठिकाणी तो काढायचा नाही, जेवणाच्या टेबलावर, मुलांसमोर आणि गाडी चालू असताना. चालता चालता, दोघींत, निघाला तर निघू दे. माणसं शेजारी शेजारी चालत असली, नजरेला नजर नसली की अवघड गोष्टी बोलून होतात, कपल्सनाही मी हे सांगते.

पहिला आठवडा सोपा गेला असं समजू नका. तिकडे बऱ्याच घरांत गरम पाण्याची टाकी असते, साठलेलं पाणी संपलं की संपलं, पुन्हा तापायला वेळ लागतो. सासूबाई आणि मिस्टरांच्या पहाटेच्या सावकाश अंघोळींनी दिरांना गार पाण्याने ऑफिसला जावं लागलं, आणि त्यांनी दोन दिवस ते सांगितलंच नाही. फोडणीच्या धुराने अलार्म वाजला आणि धाकटा पुतण्या घाबरून बाहेर पळाला. डिशवॉशर असताना ताई रात्री उभं राहून भांडी घासत बसल्या, जावेला वाटलं आपल्या घराला नावं ठेवतायत. ताईंनी मला मेसेज केला, मी ऑनलाइन सेशन घेतलं, आणि विचारलं की तुम्ही भांडी का घासताय? म्हणाल्या, ऋण नको. मी म्हटलं मग जावेला विचारा की कुठलं काम केलं तर तुला खरंच बरं वाटेल. जावेचं उत्तर आलं, मुलांचे सकाळचे डबे. बस, ते काम ताईंनी घेतलं, बाकी स्वयंपाकघर जावेचं. मदत करायची तर यजमानाला हवी ती, आपल्याला सोयीची नाही, एवढं कळलं तरी अर्धे वाद टळतात.

दुसऱ्या आठवड्यात जावेने एक दिवस रजा घेतली आणि तिघी बायका शहरात गेल्या. एव्हन नदीच्या काठाने चालत गेलं की भूकंपाच्या स्मारकाची लांब संगमरवरी भिंत लागते, 22 फेब्रुवारी 2011 ला दुपारी 12:51 ला जो भूकंप झाला त्यात गेलेल्या 185 जणांची नावं तिथे कोरलीत. तिथे चालताना जाऊ बोलायला लागली. आधीच्या सप्टेंबरमध्ये पहाटे 7.1 चा एक झालाच होता, त्यातून सावरतोय तोवर हा. त्यांचं घर तेव्हा शहराच्या पूर्वेला, तिथे जमिनीखालचं पाणी आणि गाळ उसळून वर आला, अंगणात, रस्त्यावर सगळीकडे राखाडी चिखल, नळाला पाणी नाही, संडाससाठी रस्त्यावर ठेवलेली पोर्टेबल शौचालयं, थोरला तेव्हा दोन वर्षांचा, आणि हादरे थांबायचं नाव नाही म्हणून कित्येक रात्री गाडीत झोपले. दिराचं ऑफिस शहराच्या मधल्या भागात, तो भाग लष्कराने बंद केलेला, नोकरी राहते की जाते माहीत नाही, घराला तडे, विम्याचे लोक येणार म्हणून हलता येत नाही. आणि सोलापूरला फोनवर काय सांगितलं? आम्ही ठीक आहोत. बाबा आजारी, त्यात आपलं कशाला.

सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट पाहिलीय, किल्लारीचा भूकंप सोलापुरातही जाणवला होता, लोक पुढे किती रात्री बाहेर झोपले. त्या जावेवर रागावल्या, "अगं आम्ही किल्लारी काढली, आम्हाला सांगितलं असतं तर कळलं नसतं होय?" मग तिघी तिथेच बाकावर बराच वेळ बसून होत्या. ताईंनीही तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या बाजूचं सांगितलं, रात्रीचं कूस बदलणं, एकटीनं सगळं. जाऊ म्हणाली, आम्हाला हे इतकं माहीत नव्हतं, दादा फोनवर म्हणायचे सगळं व्यवस्थित आहे. म्हणजे दोन्ही भावांनी दोन्हीकडे हेच सांगितलं.

त्यानंतरचे चार दिवस टेकापोचे, आणि ते ताईंनी मला इतक्या आनंदाने सांगितले की मीच मध्ये प्रश्न विचारायचं विसरले. क्राइस्टचर्चहून सव्वादोनशे किलोमीटर, वाटेत फेअरली गावात थांबून मुलांनी पाय नावाची सारण भरलेली पेस्ट्री खाल्ली, सासूबाईंनी कडक भाकरी काढली आणि मोठ्या पुतण्याने ती पापडासारखी मोडून चटणीबरोबर अर्धी संपवली. हिमनद्या खडकाचं बारीक पीठ करतात, ते पाण्यात तरंगत राहतं, म्हणून तिथल्या तळ्यांचा रंग तसा दुधाळ निळा असतो, हे धाकट्याने आजीला समजावलं, अर्धं इंग्रजीत आणि अर्धं हातवाऱ्यांनी. पुकाकी तळ्याच्या काठावरून समोर आओराकी म्हणजे माउंट कुक दिसतो, 3724 मीटर, एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या आधी याच डोंगरांत तयार झाले. टेकापोच्या आजूबाजूचा भाग 2012 पासून अंधाऱ्या आकाशासाठी राखलेला आहे, दिवे मुद्दाम मंद ठेवतात. तिकडे त्या दिवसांत अंधारच रात्री साडेदहा-अकराला पडतो, तरी सासूबाई शाल घेऊन जागल्या, आणि आकाशात बघून म्हणाल्या मृग उलटा झालाय! खरंच, दक्षिण गोलार्धात मृग नक्षत्र उलटं दिसतं, व्याध त्याच्या वरच्या बाजूला. मग त्यांनी नातवांना हरणाची आणि बाणाची गोष्ट सांगितली, ताईंची मुलगी शब्द अडला की इंग्रजी करत होती. पुतण्यांना मराठी येत नाही ही काळजी नंतर यादीतच राहिली नाही.

दीर मात्र 2011 बद्दल शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. व्हॅन चालवली, आईचा हात धरून तळ्याकाठी नेलं, निघताना वहिनींच्या पाया पडले. ताईंना वाटत होतं की एक वाक्य तरी येईल, ते आलं नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं हे त्यांनी परत आल्यावर मला स्पष्ट सांगितलं. मी त्यांना समजून घ्या म्हटलं नाही. भूकंपाचं कळल्याने दिरावरचा राग बराच उतरला, पण ती सेवा करताना आलेला थकवा त्याने पुसला जात नाही, तो वेगळा आहे.

तुम्ही निघण्याच्या तयारीत असाल तर ऑक्टोबरातला तो फोन तेवढा करा, रजा, पैसे, पाणी, किचन, आपले आपण फिरायचे दिवस, सगळं विचारा, आणि ज्याचं रक्ताचं नातं त्यानं विचारा. जुनं काही मनात असेल तर निघायच्या आधी कुणाजवळ तरी बोलून ठेवा, विमानात बसल्यावर नाही.

ताईंचे सेशन्स अजून चालू आहेत. आता विषय दीर नाहीतच, विषय मिस्टर आहेत, ज्यांनी त्या वर्षी फोनवर सगळं व्यवस्थित आहे असं सांगितलं, आणि शेजारच्या खोलीत रात्रभर जागणाऱ्या बायकोला तू कशी आहेस हे विचारलं नाही. परवाच्या सेशनला तेही आले होते.