घोषित मेजर, सिनेटची जागा आणि आय-20

येत्या ऑगस्टमध्ये आपण अमेरिकेतील गेन्सव्हिलच्या फ्लॉरिडा विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदवीसाठी जात आहात. तिथल्या विद्यार्थी सिनेटवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधी सभेवर, निवडून येण्यासाठी आधी अर्थशास्त्र हे मेजर (पदवीचा मुख्य विषय) नोंदवावे आणि पुढे ते बदलावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे.

आपल्याकडे 1994 च्या विद्यापीठ कायद्याखाली वर्गप्रतिनिधी गुणवत्तेवर नेमले जात, त्यामुळे पात्रता म्हटली की आपल्याला प्रथम गुणपत्रिका आठवते. तिथे मुख्य प्रश्न असतो तो आपण कोणत्या मतदारसंघाचे, हा. फ्लॉरिडा विद्यापीठात फॉल (ऑगस्टपासूनच्या) सत्रात निवासक्षेत्रानुसार सिनेटर, म्हणजे सिनेटचे सदस्य, निवडले जातात आणि स्प्रिंग (जानेवारीपासूनच्या) सत्रात कॉलेजनुसार. येथे कॉलेज म्हणजे विद्यापीठातील विद्याशाखा. पहिल्या व दुसऱ्या वर्षासाठी वर्षनिहाय जागा असल्यामुळे सुरुवातीला मेजरचा प्रश्न आपल्याला फारसा अडवणार नाही, आणि वसतिगृहात राहणार असाल तर फॉलची जागा आपल्याला अधिक जवळची आहे.

कॉलेजच्या जागेसाठी मात्र मेजरचे नाव पुरेसे नसते. याच विद्यापीठात संगणकशास्त्राची पदवी अभियांत्रिकी कॉलेजमधूनही मिळते आणि कला-विज्ञान कॉलेजमधूनही. एकाच वर्गात शेजारी बसणारे दोन विद्यार्थी त्यामुळे वेगवेगळ्या जागांचे उमेदवार ठरतात. म्हणून आपल्या प्रवेशपत्रावर कोणत्या कॉलेजचे नाव आहे, ते आजच पाहून ठेवावे.

मी स्वतः दुसऱ्या एका विद्यापीठात शिकत असताना मेजर बदलण्याचा अर्ज देऊन निर्धास्त झालो होतो. परंतु उमेदवारीच्या अंतिम दिवशी रजिस्ट्रारच्या (विद्यापीठाच्या नोंदणी कार्यालयाच्या) नोंदीत जुनेच कॉलेज दिसत होते आणि माझा अर्ज बाद झाला. त्या वेळी फार वाईट वाटले, तरी नियम योग्य होता असे मी आजही मानतो, कारण ज्या विद्यार्थ्यांच्या वतीने बोलायचे, त्यांचे अभ्यासक्रम, प्रयोगशाळा आणि अडचणी प्रतिनिधीच्या रोजच्या अनुभवातल्या असायला हव्यात. केवळ जागेसाठी घेतलेल्या मेजरमधून हे कसे साधणार?

याहून गंभीर बाब व्हिसाची आहे. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याचे मेजर आय-20 या विद्यापीठाने दिलेल्या पात्रता-प्रमाणपत्रावर नोंदलेले असते आणि ते बदलल्यास आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून ती नोंद सुधारून घ्यावी लागते. पदवीनंतर कामाचा अनुभव घेण्यासाठी 12 महिन्यांची ओपीटी, म्हणजे व्हिसावर राहून काम करण्याची परवानगी, मिळते. तिला 24 महिन्यांची स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांसाठीची) मुदतवाढ मिळणार की नाही, हे पदवीचा सांकेतिक क्रमांक सरकारच्या स्टेम यादीत आहे की नाही यावर ठरते. संगणकशास्त्राचा क्रमांक त्या यादीत आहे, सर्वसाधारण अर्थशास्त्राचा नाही. संख्यात्मक अर्थशास्त्राचा वेगळा क्रमांक मात्र त्या यादीत आहे. अर्थशास्त्राची खरोखरच ओढ असेल तर दुहेरी मेजरचा (एकाच वेळी दोन मुख्य विषयांचा) विचार अवश्य करावा, परंतु दोन कॉलेजांत नोंद झाल्यास उमेदवारी कोणत्या कॉलेजमधून धरली जाईल, हे निवडणूक कार्यालयाकडून अर्ज भरण्यापूर्वी लेखी घ्यावे.