अर्डुइनो उनोच्या एवढ्याशा मेमरीत सेन्सर बिघडलाय हे चालू कंट्रोलरलाच कसं कळेल?

ठिबकच्या कंट्रोलरवर शेवटची 1000 रीडिंग साठवून त्यावरून सेन्सर पारखायचा तुमचा बेत आहे आणि त्यातलं उनो हे छोटं बोर्ड सारखं रिसेट होतंय, म्हणजे आपोआप पुन्हा सुरू होतंय. होणारच. उनो आर3 ची रॅम 2048 बाइट. एक रीडिंग 2 बाइटचं धरलं तरी 2000 तिथेच संपले, उरलेल्या 48 बाइटमध्ये बाकीच्या प्रोग्रामने मावायचं कसं?

साठवूच नका. मी सोलापूरचा, घरात माग होते. मागाला एक काटा असतो. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा त्याला टेकला की त्याची शेपटी उचलली जाते. धागा तुटला की शेपटी आकड्यात अडकते आणि माग थांबतो. आधी किती धागे गेले याच्याशी काट्याला देणंघेणं नाही. तुमचा नियमही असाच बसवा: पंप चालू झाल्यावर 2 मिनिटांत पाणी वाहिलंच पाहिजे. दर सेकंदाला बघा, पंप चालू आणि प्रवाह शून्य असेल तर आकडा एकने वाढवा, नाहीतर शून्य करा. 120 झाले की पंप बंद. खर्च एक बाइट.

रीडिंग खरं मानायची मर्यादा मात्र डेटाशीटवरून (सेन्सरच्या माहितीपत्रकावरून) उचलू नका, मी तिथेच फसलो. वडिलांच्या डाळिंबाच्या बागेत डीएस18बी20 हा तापमानाचा सेन्सर लावला होता, उन्हाचा पारा चढला की जादा पाणी सुटेल असा. हा सेन्सर वीज आल्यावर पहिलं माप पूर्ण होण्याआधी वाचला तर 85 अंश सांगतो. त्याची क्षमता उणे 55 ते 125, म्हणून माझ्या तपासणीत 85 बिनबोभाट पास! लाईट जाऊन आली की बागेला पाणी. आमच्याकडे लाईट किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. फळं तडकायला लागली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आता वरची मर्यादा 50, आणि एका सेकंदात 5 अंशांची उडी दिसली तर ते रीडिंग बाद.

उलटंही तपासा. जमिनीच्या ओलाव्याचा आकडा एरवी एक-दोनने हलत असतो; पाणी सोडूनही तासभर ढिम्म राहिला तर वायर बघा.

वॉचडॉग लावा, म्हणजे वेळेत रिसेट केला नाही तर बोर्ड पुन्हा सुरू करणारा टायमर; उनोवर जास्तीत जास्त 8 सेकंदांचा मिळतो. पण वॉचडॉगला टायमर इंटरप्टमधून (ठरलेल्या वेळी मुख्य काम थांबवून चालणाऱ्या कोडमधून) रिसेट करू नका. मुख्य लूप (पुन्हा पुन्हा चालणारा प्रोग्राम) अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो आणि वॉचडॉगला वाटतं सगळं ठीक आहे. सगळ्या तपासण्या झाल्यावर, लूपच्या शेवटीच करा.