तीन फायली जोडण्याआधी पाचोळ्याकडे बघा

जंगलात आखलेल्या तुकड्यांतल्या (प्लॉटमधल्या) प्रजातींच्या नोंदी, पाचोळा कुजण्याची मापं आणि मातीतला नायट्रोजन, अशा तुमच्या तीन फायली. त्या एकमेकींना जोडायच्या कशा, हा तुमचा प्रश्न. विविधतेचा निर्देशांक (प्रजाती किती आणि प्रत्येकीचे जीव किती, यावरून काढलेला एक आकडा) काढून तो थेट नायट्रोजनसमोर आलेखावर मांडायची घाई करू नका. निर्देशांकाला गांडूळ आणि कोळी सारखेच. प्रत्यक्षात एक पाचोळा खातो, दुसरा पाचोळा खाणाऱ्यांना खातो. म्हणून प्रत्येक प्रजातीपुढे ‘काय खाते’ असा रकाना आधी भरा. काम कंटाळवाणं आहे, पण अन्नजाळं तिथूनच दिसायला लागतं.

खरा सांधा पाचोळ्यात आहे. जंगलातली बहुतेक पानं कुणी हिरवी असताना खातच नाही. ती गळतात आणि मग बुरशी, जिवाणू, वाणी किडे, गांडुळं त्यांच्यातलं पोषण मोकळं करतात. एकाच प्लॉटमध्ये, एकाच दिवशी, तीच पानं भरून बारीक आणि मोठ्या जाळीच्या पिशव्या ठेवा. बारीक जाळीत मोठे जीव शिरत नाहीत, त्यामुळे वजनातल्या घटीच्या फरकावरून त्यांच्या वाट्याचा अंदाज येतो. मोठ्या जाळीतून तुकडे गळतात, तेवढी सूट धरा.

माझ्या पहिल्या खेपेला तीन महिन्यांनी काही पिशव्या चक्क जड झाल्या होत्या. उघडल्यावर पानांना गांडुळांच्या विष्ठेचा आणि मातीचा थर चिकटलेला! ते आकडे टाकून द्यावे लागले, फार वाईट वाटलं. तेव्हापासून वाळवलेल्या नमुन्याचा थोडा भाग भट्टीत ५५० अंश सेल्सिअसला जाळते आणि राखेचं, म्हणजे मुख्यतः चिकटलेल्या मातीचं, वजन वजा करते.

समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजायची सोय असेल तर जरूर वापरा. खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जाताना नायट्रोजन-१५ चं (नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचं) मूल्य सरासरी ३.४ प्रतिसहस्र वाढतं. मात्र प्रत्येक प्लॉटमधली पानंही मोजा, नाहीतर मातीतला फरक तुम्हाला अन्नसाखळीची एक पायरी वाटेल.

आणि ओढा असेल तर त्याचं पाणीही मोजा. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रुक या प्रायोगिक जंगलात १९६५ च्या हिवाळ्यात एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली, पुढे तणनाशकाने पालवीही फुटू दिली नाही. ओढ्यातून वाहून जाणारं नायट्रेट कितीतरी पटींनी वाढलं. ही वाढ छातीठोकपणे सांगता आली, कारण तोडीआधीची मापं होती आणि शेजारचा न तोडलेला पाणलोटही मोजला जात होता. तुमच्याकडे पाण्याची फाईल नसेल तर या आठवड्यापासूनच बाटल्या भरा, आणि चारही फायलींत प्लॉट क्रमांक व तारीख एकाच पद्धतीने लिहा.