मोजमापाचे इंग्रजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गुळाच्या १ किलोच्या रव्यासाठी छापखान्याने दिलेल्या इंग्रजी नमुन्यावर किलोचा ‘के’ मोठा असून शेवटी ‘एस’ आणि टिंब आहे. हे बरोबर आहे का? (एक व्यापारी, मार्केट यार्ड, कोल्हापूर)

उत्तर : तिन्ही गोष्टी बदलून घ्याव्यात. ‘केजी’ हे संक्षिप्त रूप नसून आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीतील चिन्ह आहे. म्हणून त्याचे अनेकवचन होत नाही, वाक्य संपत असल्याशिवाय त्यापुढे टिंब येत नाही आणि दोन्ही अक्षरे लहान लिपीतच राहतात. मोठा ‘के’ हे केल्विन या तापमानाच्या एककाचे चिन्ह आहे. ग्रॅमसाठी नुसता लहान ‘जी’ पुरतो; बाजारात सर्रास दिसणारे ‘जीएमएस’ चुकीचे आहे. आकडा आणि चिन्ह यांच्यामध्ये एक मोकळी जागा सोडावी. पूर्ण शब्द लिहिताना मात्र ‘फाइव्ह किलोग्रॅम्स ऑफ जॅगरी’ असे अनेकवचन होते. तेच माप विशेषण म्हणून आले, तर ‘अ फाइव्ह-किलोग्रॅम ब्लॉक’ असे एकवचन राहते.

प्रश्न : मुलीने निबंधात ‘अ लॉट’ जोडून लिहिले म्हणून बाईंनी गुण कापले. शिवाय ‘अ लॉट ऑफ’ नंतर ‘इज’ लिहावे की ‘आर’, यावर घरात एकमत होत नाही. (एक पालक, राजारामपुरी)

उत्तर : बाईंचे बरोबर आहे, हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. जोडून आणि दोन ‘एल’ घालून लिहिल्यास वेगळेच क्रियापद तयार होते. आपल्याकडे ‘मंडईत गाळा अलॉट झाला’ म्हणतात, ते हेच. आणि तो शब्द कोशात असल्यामुळे संगणकाचा शुद्धलेखन-तपासनीस अनेकदा ही चूक न दाखवता पुढे जातो.

क्रियापद ‘लॉट’वर नव्हे, तर ‘ऑफ’पुढच्या नामावर ठरते. ऊस मोजता न येणारा मानला, तर ‘अ लॉट ऑफ शुगरकेन इज’ आणि ट्रक मोजता येतात म्हणून ‘अ लॉट ऑफ ट्रक्स आर’. खरी गफलत ‘नंबर’पाशी होते. कारखान्याच्या दारात बरेच ट्रक उभे आहेत असे सांगायचे, तर ‘अ नंबर ऑफ ट्रक्स आर वेटिंग’ लिहावे. परंतु ट्रकांची संख्या वाढते आहे असे म्हणायचे असेल, तर ‘द नंबर ऑफ ट्रक्स इज इन्क्रीझिंग’ हेच शुद्ध, कारण तिथे वाढते ती एकच गोष्ट, म्हणजे संख्या. औपचारिक अर्जात मात्र ‘अ लॉट ऑफ’ऐवजी ‘मेनी’ किंवा ‘मच’ वापरावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : पतसंस्थेच्या अहवालात ‘लेस मेंबर्स’ लिहावे की ‘फ्यूअर मेंबर्स’? (कागल)

उत्तर : ‘फ्यूअर’. मराठीतले ‘कमी’ पाण्यालाही चालते आणि माणसांनाही, म्हणून आपला हात चटकन ‘लेस’कडे जातो. इंग्रजांचाही जात असे. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर यांनी मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्यूअर’ बरे, अशी केवळ आवड नोंदवली आणि पुढच्या व्याकरणकारांनी तिचा नियम केला. तरीही अंतर, रक्कम आणि काळ यांना ‘लेस’च लागतो. पन्हाळा कोल्हापूरपासून ३० किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा ‘लेस दॅन थर्टी किलोमीटर्स’ म्हणावे.

आपल्या अहवालातील दुसरे एक वाक्य अधिक घातक आहे. ‘फ्यू मेंबर्स अटेंडेड’ याचा अर्थ सभेला जवळजवळ कोणी फिरकलेच नाही, असा होतो. काही सभासद आले, एवढेच सांगायचे असेल, तर आधी ‘अ’ हवा. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांनाही हेच लागू आहे.

प्रश्न : ‘फाइव्ह लाख्स रुपीज’ चालेल का? (गडहिंग्लज)

उत्तर : नाही. आकडा आधी आला, की ‘फाइव्ह लाख रुपीज’; नेमका आकडा नसेल, तरच ‘लाख्स ऑफ रुपीज’. ‘डझन’चेही तसेच : ‘टू डझन बनानाज’, पण ‘डझन्स ऑफ बनानाज’.