जपानी चित्रातलं दीर्घायुष्य कसं ओळखायचं

सुरुवात करतोयस तर आधी क्रौंच आणि कासव एवढंच धर, बाकीचं नंतर आपोआप येतं. जपानमध्ये म्हणतात क्रौंच हजार वर्षं जगतो आणि कासव दहा हजार, म्हणून लग्न, नवीन वर्ष, साठीचा समारंभ अशा वेळी भिंतीवर जी गुंडाळीची चित्रं लावतात त्यात हे दोघं हमखास असतात. कासवाच्या मागे लांब झुपकेदार शेपटी दिसली तर दचकू नकोस, ते पाठीवर वाढलेलं शेवाळ आहे, म्हणजे कासव फार म्हातारं झालंय एवढंच सांगायचंय.

क्रौंच मात्र नीट झूम करून बघ. डोक्यावरचा लाल ठिपका म्हणजे पिसं नाहीत, उघडी कातडी आहे, आणि शेपटी काळी वाटते ती खरं तर मिटलेल्या पंखांची काळी पिसं असतात. पाईनच्या फांदीवर बसलेला क्रौंच पण खूप दिसेल, खरा क्रौंच झाडावर बसत नाही, पण पाईन बारमाही हिरवा म्हणून तोही दीर्घायुष्याचाच, दोन्ही शुभ गोष्टी एकत्र आणल्यात, त्याला चूक म्हणू नये असं माझं ठाम मत आहे.

हरणासोबत लांब दाढीचा म्हातारा दिसला की तो जुरोजिन, सात भाग्यदेवतांपैकी एक.

पहिलं चित्र इतो जाकुचूचं (१७१६-१८००) घे, प्लमच्या फुलांमधले क्रौंच, आणि घाई न करता कुठली मान कुठल्या अंगाची ते शोध, भारी मजा येते.